प्राकृत वाङ्मयाचे शब्दशोधक डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये

कोल्हापूर हे नगर महानुभाव साधकांस परके नाही. श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या नित्यसंचारात पांचाळेश्वर हे भोजनाचे, तर कोल्हापूर हे भिक्षेचे स्थान म्हणून परंपरेने मानले आहे. याच नगरात विसाव्या शतकात एका विद्वानाने बत्तीस वर्षे अध्यापन केले, आणि एका अन्य दर्शनाच्या प्राचीन शास्त्रग्रंथांतील शब्द न् शब्द पारखून घेण्यात आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. ते जन्माने व श्रद्धेने जैन होते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचे निरूपण करणाऱ्या ब्रह्मविद्येशी त्यांच्या दर्शनाचा मेळ बसत नाही. कारण जैन मतास जगाचा कर्ता ईश्वर मान्य नाही. तथापि शास्त्रवचनाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, त्याचा पाठ कसा निश्चित करावा आणि अर्थ लावताना कोणता क्रम सांभाळावा, या बाबतीत त्यांचे चरित्र सूत्रपाठाच्या प्रत्येक अभ्यासकास विचारार्ह वाटेल असे आहे.

बालपण व शिक्षण

उपाध्ये यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सदलगा या गावी झाला. हा भाग मराठी आणि कानडी या दोन भाषांच्या सीमेवरचा. घरात एक बोली, बाजारात दुसरी आणि मंदिरात तिसरीच भाषा, असा येथील जैन कुटुंबांचा नित्याचा अनुभव असे. एकच आशय भाषा बदलताच शब्दांची मांडणी कशी बदलतो, हे अशा गावातील मुलास व्याकरणाचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच कळू लागते. उपाध्ये यांचे पुढील सारे कार्य भाषाभाषांच्या सीमेवर झाले, त्याचे बीज या परिसरात होते असे म्हणावयास हरकत नाही.

माध्यमिक शिक्षण बेळगाव येथे व महाविद्यालयीन शिक्षण कोल्हापूर आणि सांगली येथे घेऊन ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. संस्कृत व प्राकृत हे विषय घेऊन १९३० साली त्यांनी एम.ए. ची पदवी मिळविली. प्राकृताच्या अध्ययनात डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. वैद्य यांनी हेमचंद्राचे प्राकृत व्याकरण संपादित केले होते, आणि पुढे पुष्पदंताचे अपभ्रंश महापुराणही त्यांनीच प्रसिद्ध केले. त्याच काळात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या नेतृत्वाखाली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालू होते. शेकडो हस्तलिखिते एकत्र करून, त्यांची कुळे लावून, कोणता पाठ मूळचा आणि कोणता मागाहून शिरलेला हे ठरविण्याची पद्धती तेथे सिद्ध होत होती. उपाध्ये यांच्या पिढीतील संशोधकांनी ही शिस्त आत्मसात केली. स्वतःस आवडेल तो पाठ न घेता प्रतींच्या साक्षीने सिद्ध होईल तोच पाठ घ्यावयाचा, हा तिचा पहिला नियम होता.

राजाराम महाविद्यालयात

१९३० साली उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९६२ पर्यंत तेथेच राहिले. फारसीचे प्राध्यापक माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, हेही काही वर्षे याच महाविद्यालयात होते. एका संस्थानी महाविद्यालयात एकीकडे फारसी, दुसरीकडे प्राकृत असे अध्यापन चालावे, ही त्या काळच्या कोल्हापूरची विद्येविषयीची आस्था होय.

अर्धमागधी ही श्वेतांबर जैनांच्या आगमांची भाषा. महावीरांनी आपला उपदेश पंडितांच्या संस्कृतात न करता लोकभाषेत केला, अशी जैनांची धारणा आहे. महानुभाव वाचकास येथे आपल्या परंपरेतील प्रसंग आठवल्यावाचून राहणार नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपण मराठीत केले, आणि त्यांच्या पश्चात आद्याचार्य श्रीनागदेवाचार्यांनी पंडित शिष्यांस संस्कृताच्या वाटेने जाण्यापासून परावृत्त केले. कारण त्यायोगे साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया श्रीमुखीच्या ज्ञानास मुकल्या असत्या. लोकभाषेत सांगितलेल्या शास्त्रावर मात्र पुढे एक संकट येते. लोकभाषा बदलत राहते. तीनचारशे वर्षांत तिचे प्रत्यय झिजतात, शब्दांचे अर्थ सरकतात, आणि जे वचन एके काळी गावातील म्हातारीस सहज कळत होते, ते विद्वानासही कोडे वाटू लागते. उपाध्ये यांच्या संशोधनाचा विषय हाच होता.

प्राकृताच्या वाक्यरचनेतील एक साधी गोष्ट पाहिली तरी या कोड्याची कल्पना येते. संस्कृतात चतुर्थी आणि षष्ठी यांची रूपे वेगळी आहेत. देवाला आणि देवाचा हे दोन अर्थ प्रत्ययावरूनच कळतात. प्राकृतात चतुर्थीचे कार्य बहुतांशी षष्ठीकडे गेले. त्यामुळे देवस्स या एकाच रूपाचा अर्थ देवाचा की देवाला, हे रूपावरून ठरत नाही. ते वाक्यातील क्रिया ठरविते, आणि वाक्यावरूनही न ठरल्यास प्रकरण ठरविते. यास्तव सुटा शब्द हाती घेऊन त्यावर सिद्धांत उभारणे धोक्याचे असते. आधी रूप, मग अन्वय, मग प्रकरण आणि त्यानंतर सिद्धांत, हा क्रम उपाध्ये यांच्या प्रत्येक ग्रंथात दिसतो. महानुभाव परंपरेत प्रत्येक सूत्राबरोबर त्याचे प्रकरणवश सांगण्याची जी रीत आहे, तिच्या मुळाशी हीच जाणीव आहे. कोणते वचन कोणास, कोठे व कोणत्या निमित्ताने निरूपिले हे कळल्यावाचून त्याचा अर्थ पूर्ण होत नाही. सूत्रांच्या अर्थबोधासाठी भीष्माचार्यांनी पंचवार्तिक रचले, आणि तेच मराठीतील आद्य व्याकरण म्हणून ओळखले जाते. मराठीत व्याकरणाचा जन्म शास्त्रार्थाच्या गरजेतून झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्रवचनसार आणि परमात्मप्रकाश

१९३५ साली उपाध्ये यांनी कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसाराची आवृत्ती प्रसिद्ध केली. दिगंबर जैनांत कुंदकुंदांचे स्थान फार मोठे आहे. या ग्रंथावर अमृतचंद्र आणि जयसेन या दोन आचार्यांच्या संस्कृत टीका आहेत. अमृतचंद्रांच्या टीकेनुसार मूळ गाथा २७५ आहेत, तर जयसेनांच्या टीकेनुसार ३११. म्हणजे छत्तीस गाथांचे अंतर. श्रद्धावान वाचकाने काय करावे? अधिक गाथा आहेत म्हणून तो पाठ घ्यावा, की टीकाकार प्राचीन म्हणून कमी गाथांचा पाठ प्रमाण मानावा? उपाध्ये यांनी कोणाचीही गाथा दडपली नाही. दोन्ही परंपरा वाचकासमोर ठेवल्या, अधिक गाथा कोठे येतात आणि त्यांचा आगेमागे संबंध कसा लागतो हे तपासले, आणि विस्तृत प्रस्तावनेत कुंदकुंदांचा काल, त्यांचे तत्त्वज्ञान व त्यांची भाषा यांची चर्चा केली. ही भाषा पूर्णतः नाटकांतील शौरसेनीही नाही आणि आगमांची अर्धमागधीही नाही; तिला जैन शौरसेनी हे नाव जर्मन पंडित पिशेल यांनी दिले होते. उपाध्ये यांनी प्रत्यक्ष ग्रंथातील रूपे वेचून तिचे स्वरूप दाखविले. त्यांची ती प्रस्तावना हाच एक स्वतंत्र ग्रंथ मानला जातो.

दोनच वर्षांनी, १९३७ साली, योगींदुदेव अथवा जोइंदु यांचा परमात्मप्रकाश आणि योगसार हे ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केले. हे ग्रंथ अपभ्रंश भाषेतील दोह्यांत आहेत. हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या अपभ्रंश प्रकरणात उदाहरणादाखल दिलेल्या पद्यांपैकी काही पद्ये जोइंदूंच्या ग्रंथातील आहेत, हे उपाध्ये यांनी दाखवून दिले. व्याकरणात सुटी पडलेली उदाहरणे त्यांच्या मूळ घरी पोहोचली, आणि ग्रंथाच्या कालनिर्णयास आधार मिळाला.

महानुभाव अभ्यासकास या अपभ्रंशात विशेष रस वाटावा असे कारण आहे. अपभ्रंशात पुल्लिंगी प्रथमेचे रूप उकारान्त असते; देउ, जिउ अशी रूपे त्यात पदोपदी येतात. सूत्रपाठातील जीवु, प्रपंचु, परमेश्वरु ही रूपे याच वंशातील आहेत. पुढे हा उकार मराठीतून गळाला आणि जीव, प्रपंच, परमेश्वर अशी रूपे राहिली. तसेच कर्त्याच्या तृतीयेचा एं हा प्रत्ययही अपभ्रंशातून जुन्या मराठीस मिळाला. देवें म्हणजे देवाने. लेखनिकाने जीवु या ठिकाणी जीव लिहिले तर अर्थास बाध येत नाही. परंतु देवें या रूपावरील अनुस्वार गाळला, तर वाक्यातील कर्ताच हरवतो आणि कोणी केले या प्रश्नास उत्तर राहत नाही. एका बिंदूवर वाक्याचा अन्वय अवलंबून असतो, आणि अन्वयावर शास्त्रार्थ. प्राकृताचे व अपभ्रंशाचे ज्ञान हे केवळ जैन पंडितांच्या उपयोगाचे नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

या दोन ग्रंथांनी उपाध्ये यांचा लौकिक देशाबाहेरही पोहोचला. १९३९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांस डी.लिट्. ही पदवी दिली. त्यांची दृष्टी स्वधर्मीयांच्या ग्रंथांपुरती मर्यादित नव्हती, याचे एक सुंदर उदाहरण १९४० सालचे आहे. केरळातील अठराव्या शतकातील कवी रामपाणिवाद याने प्राकृतात रचलेले कंसवहो हे काव्य त्यांनी त्या वर्षी संपादून प्रसिद्ध केले. त्याचा विषय भगवान श्रीकृष्णांनी केलेला कंसवध हा आहे. जैन कुलात जन्मलेल्या पंडिताने श्रीकृष्णचरित्राचा प्राकृत ग्रंथ तितक्याच निष्ठेने शुद्ध करून द्यावा, यात त्यांच्या वृत्तीची ओळख पटते.

एका शब्दाचा वाद

उपाध्ये यांच्या हयातीतील सर्वांत कसोटीचा प्रसंग षट्खंडागमाच्या प्रकाशनाचा होता. पुष्पदंत व भूतबली या आचार्यांची सूत्रे आणि त्यांवरील वीरसेनाचार्यांची नवव्या शतकातील धवला टीका, हे दिगंबर जैनांचे सर्वांत प्राचीन सिद्धांतवाङ्मय होय. त्याच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे तेवढ्या शिल्लक होत्या. यात्रेकरू तेथे जात, पोथीचे दर्शन घेत, तीस वंदन करीत आणि परत येत. ती वाचावयास कोणास मिळत नसे, आणि तिच्या जुन्या कानडी लिपीमुळे वाचू शकणारेही थोडेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिच्या नकला करण्याचे काम सुरू झाले, ते कित्येक वर्षे चालले, आणि त्यातूनच एक नकल बाहेर पडली व उत्तरेकडे पोहोचली.

त्या नकलांच्या आधारे ग्रंथ छापण्याचे कार्य डॉ. हीरालाल जैन यांनी हाती घेतले. ते त्या वेळी अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. ऋद्धिपूरच्या इतक्या निकट, वऱ्हाडच्या भूमीत, हे कार्य आरंभले गेले. उपाध्ये यांचे त्यास पहिल्यापासून साह्य होते. १९३९ साली पहिला खंड निघाला आणि पुढे वीस वर्षांत सोळा खंड पूर्ण झाले. सिद्धांतग्रंथ छापू नये, गृहस्थांनी तो वाचू नये, असे मानणारा मोठा वर्ग समाजात होता, आणि त्याचा विरोध अश्रद्धेतून नव्हे, तर पावित्र्याच्या काळजीतून आलेला होता. महानुभावांस ही काळजी नवी नाही. परकीयांच्या हाती शास्त्र पडू नये म्हणून पंथाने सकळ आदी सांकेतिक लिप्यांत आपले ग्रंथ शतकानुशतके राखले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा झाला तेव्हा आनंद आणि चिंता या दोन्ही भावना पंथात उमटल्या. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या लीळाचरित्राच्या आवृत्तीवरून तर तीव्र वाद झाला. उपाध्ये व हीरालाल जैन ज्या पेचात होते, तो पेच म्हणून महानुभाव वाचक आतून समजू शकतात.

पेच अधिक अवघड झाला तो एका शब्दामुळे. षट्खंडागमाच्या जीवस्थान या पहिल्या खंडातील त्र्याण्णवाव्या सूत्रात मनुष्यस्त्रियांच्या गुणस्थानांचा विचार आहे. गुणस्थान म्हणजे आत्म्याच्या उन्नतीची पायरी. नकलांत जो पाठ होता, त्यात पायऱ्यांची यादी संयतासंयत या पाचव्या पायरीवर, म्हणजे गृहस्थाच्या अर्धव्रतावर, संपत होती. संयत, म्हणजे पूर्ण व्रती साधूची पायरी दाखविणारा संजद हा शब्द त्यात नव्हता. परंतु त्याच सूत्रावरील वीरसेनांची टीका वाचता असे दिसे की, टीकाकारांसमोर तो शब्द असलाच पाहिजे. या वचनावरून स्त्रियांस मोक्ष सिद्ध होईल काय, अशी शंका त्यांनी स्वतःच उपस्थित केली आहे आणि तिचे समाधान केले आहे. शब्दच नसता तर शंकेस जागा नव्हती. संपादकांनी मूळ पाठात बदल न करता, येथे संजद हा शब्द गळला असावा, अशी टीप दिली.

ती टीप म्हणजे ठिणगी ठरली. दिगंबर संप्रदायास स्त्रीदेहाने मोक्ष मान्य नाही, श्वेतांबरांस तो मान्य आहे. दोन्ही पंथांतील हा जुना भेद. दिगंबरांच्या सर्वांत प्राचीन ग्रंथातच तो शब्द निघाला तर पुढे काय, या चिंतेने पंडितांत अनेक वर्षे वाद चालला. काहींच्या मते संपादकांनी सिद्धांतास धक्का दिला होता. पुढे मूडबिद्रीच्या विश्वस्तांनी सहकार्य केले, मूळ ताडपत्रे उघडून पाहिली गेली, आणि त्यांत संजद हा शब्द आढळला. नकल करणाऱ्याच्या हातून तो सुटला होता.

या प्रसंगातील दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. शब्द मूळात होता हे सिद्ध झाले, हा पाठाचा निर्णय झाला. त्या शब्दाचा अर्थ काय, हा निराळा प्रश्न. सूत्रातील मनुष्यस्त्री या पदाचा अर्थ देहाने स्त्री असा घ्यावयाचा, की केवळ भाववेदाने स्त्री असा, यावर सारे अवलंबून होते. वीरसेनांनी दुसरा अर्थ घेतला आणि दिगंबर सिद्धांत अबाधित राखला. म्हणजे शब्द परत आला तरी संप्रदाय कोसळला नाही. भय होते ते निराधार ठरले. उलट शब्द लपून राहिला असता तर आचार्यांच्या टीकेतील एक पूर्ण विवेचन अर्थहीन वाटले असते. पाठ ठरविताना सिद्धांताचे भय बाळगू नये, आणि अर्थ ठरविताना परंपरेची उपेक्षा करू नये, हा या वादाचा बोध आहे.

महानुभाव वाचकाच्या मनात येथे आणखी एक विचार येईल. ज्या प्रश्नावर त्या समाजात एका शब्दासाठी वर्षानुवर्षे वाद झाला, त्या प्रश्नाचे उत्तर सर्वज्ञांनी आपल्या आचरणानेच दिले होते. बाइसा, महदाइसा यांसारख्या स्त्रिया त्यांच्या सन्निधानी होत्या, त्यांनी प्रश्न विचारले, निरूपण ऐकले आणि स्मरणात राखले. लीळाचरित्रातील कित्येक लीळा त्या स्मरणाच्या ऋणी आहेत.

मराठीचे मूळ

उपाध्ये यांनी संपादिलेल्या ग्रंथांत मराठी भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने दोन विशेष मोलाचे आहेत. पहिला कोऊहल कवीचा लीलावई. हा १९४९ साली सिंघी जैन ग्रंथमालेत निघाला. प्रतिष्ठानचा राजा सातवाहन आणि सिंहलद्वीपाची राजकन्या लीलावती यांची ही प्रेमकथा. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण, श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पुनीत झालेले नगर. कवी आपल्या काव्याच्या भाषेस महाराष्ट्री देशी भाषा म्हणतो. लीळाचरित्रापूर्वी सुमारे पाच शतके याच भूमीच्या नावाने एक भाषा ओळखली जात होती, आणि तीत प्रौढ काव्य होत होते, याचा हा पुरावा होय.

दुसरा ग्रंथ उद्द्योतनसूरीची कुवलयमाला. राजस्थानातील जालोर येथे शके ७०० संपण्यास एक दिवस उरला असता, म्हणजे इ. स. ७७९ मध्ये, ही कथा पूर्ण झाली. तिची एक ताडपत्री प्रत जैसलमेरच्या भांडारात, संवत ११३९ ची, आणि दुसरी कागदी प्रत पुण्यात, अशा दोनच प्रती उपाध्ये यांस उपलब्ध होत्या. दोन प्रतींत इतका भेद आहे की, ते दोन वेगळे संस्कार आहेत असे उपाध्ये यांनी दाखविले. मूळ ग्रंथ १९५९ साली निघाला. प्रस्तावना व टिपांचा दुसरा भाग १९७० साली. मधल्या अकरा वर्षांत त्यांनी घाई केली नाही.

या कथेत एका बाजारपेठेचे वर्णन आहे. अनेक देशांचे व्यापारी तेथे जमले आहेत, आणि प्रत्येक देशाच्या माणसांच्या अंगलटीबरोबर त्यांच्या बोलीतील एखाददुसरा लकबीचा शब्द कवीने टिपला आहे. त्यांत मराठे आहेत, आणि त्यांच्या तोंडी दिलेले शब्द दिले व घेतले या अर्थाचे आहेत. त्या शब्दांत ल्ल हा प्रत्यय आहे. मराठीच्या भूतकाळी क्रियापदांतील ल, जो आजही दिले, घेतले, म्हटले या रूपांत नांदतो, त्याचे हे फार जुने दर्शन होय. परप्रांतीय कवीच्या कानास मराठी माणसाची ओळख ज्या ध्वनीने पटली, तोच ध्वनी पुढे सुमारे पाच शतकांनी म्हाइंभटांच्या लेखणीतून लीळालीळांत उमटला. ग्रंथातील हे शब्द आधीही अभ्यासकांस ठाऊक होते. परंतु संपूर्ण ग्रंथ पाठभेदांसह हाती आल्याने त्यांची साक्ष भक्कम पायावर उभी राहिली.

अखेरची वर्षे

१९६२ साली उपाध्ये राजाराम महाविद्यालयातून निवृत्त झाले. त्याच वर्षी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या कला विद्याशाखेचे अधिष्ठातेपद त्यांनी सांभाळले. १९६६ साली अलीगढ येथे भरलेल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे ते अध्यक्ष झाले. १९६७ साली श्रवणबेळगोळ येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. सीमाभागात जन्मून कोल्हापुरात आयुष्य घालविलेल्या या पंडिताचा कानडी भाषिकांनीही आपला म्हणून गौरव केला. ज्या काळात सीमाप्रश्नावरून मने कटू झाली होती, त्या काळातील ही घटना आहे.

हीरालाल जैन आणि उपाध्ये यांचे सहकार्य अखेरपर्यंत टिकले. सोलापूरची जीवराज जैन ग्रंथमाला, भारतीय ज्ञानपीठाची मूर्तिदेवी ग्रंथमाला यांचे प्रधान संपादकत्व दोघांनी मिळून केले. कित्येक तरुण संपादकांची हस्तलिखिते या दोघांच्या नजरेखालून गेली. १९७१ साली म्हैसूर विद्यापीठाने जैनविद्या व प्राकृत या विभागाची धुरा उपाध्ये यांच्याकडे सोपविली. त्या सुमारास कॅनबेरा आणि पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदांतही त्यांनी भाग घेतला. म्हैसूरचे काम आटोपून ते कोल्हापुरास परतले, आणि तेथेच ८ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचे विखुरलेले निबंध एकत्र करून १९८३ साली म्हैसूर येथून प्रसिद्ध करण्यात आले.

उपाध्ये यांनी कोणताही नवा सिद्धांत मांडला नाही, पंथ काढला नाही, कोणास उपदेश केला नाही. पूर्वजांनी जे सांगितले ते शब्द जसेच्या तसे पुढील पिढीच्या हाती पडावेत एवढीच त्यांची आकांक्षा होती. महानुभाव परंपरेतही ही वृत्ती पहिल्यापासून आहे. म्हाइंभटांनी लीळा मिळविण्यासाठी भक्तांच्या दारी जाऊन त्या ऐकल्या, श्रीनागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या; आणि पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर आचार्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, तेव्हा भिन्न स्मरणे पुसून न टाकता शोध व वासना या नावांनी ती ग्रंथातच नोंदवून ठेवली. पाश्चात्त्य पद्धतीचे नाव या देशात कोणास ठाऊक नव्हते, त्या काळी पाठभेद प्रामाणिकपणे राखण्याची ही रीत ऋद्धिपूरच्या परिसरात चालत होती.

मठामठांतून आजही अनेक पोथ्या वस्त्रांत बांधलेल्या आहेत. त्यांचे पूजन होते, ते योग्यच आहे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांचेही शतकानुशतके पूजन झाले. त्या पूजनानेच ती टिकली. तथापि नकलेत गळलेला एक शब्द परत मिळाला तो पोथी उघडल्यावर. सांकेतिक लिपी वाचू शकणारे वृद्ध महंत आहेत तोवर त्यांच्या मुखाने पोथी वाचून घेणे, प्रतीस प्रत लावून पाहणे, अनुस्वारासह प्रत्येक रूप टिपून ठेवणे, हे कार्य भिक्षू आणि वासनिक दोघांच्याही आवाक्यातील आहे. कोल्हापूरच्या या जैन पंडिताने आपल्या शास्त्रासाठी ते बत्तीस वर्षांच्या अध्यापनकाळात आणि त्यानंतरही अखेरच्या दिवसांपर्यंत केले. श्रीमुखीच्या वचनांचा वारसा ज्यांस लाभला आहे, त्यांच्यावर हे ऋण अधिक आहे.